दुसऱ्या टेबलावरच्या सात नळ्या

सात चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या पसरून डॉक्टरसाहेब हसत होते, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"सिस्टर, एकाच शेडमधून सात पॉझिटिव्ह! अख्ख्या विभागात असा आकडा कुणाचा नाही. वरच्या बैठकीत तुमचं नाव घेतो की नाही बघा."

सात बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी पुढे कॅन्सर करू शकणारा विषाणू सापडला होता, आणि या माणसाला बढतीचं पत्र हातात पडल्यासारखा आनंद झाला होता. मी गेली नऊ वर्षं या आरोग्य केंद्रात नर्स आहे. साहेब लोक बदलतात, खुर्ची तीच राहते आणि तिच्यात बसणाऱ्याला आकड्यांचं वेडही तेच लागतं.

"साहेब, प्रयोगशाळेतल्या बाईंचा मला फोन आला होता," मी म्हटलं. "सातही नळ्यांत एकच प्रकार आहे, सोळा नंबरचा, सगळ्यात वाईट. नळ्यांचे नंबर ओळीनं आहेत. चार नळ्यांत रक्त आहे. त्यांना हे बरोबर वाटत नाही. मलाही वाटत नाही."

"अहो, विषाणू आहे. पसरतो. एकाच शेडमध्ये बसतात बायका."

म्हणजे सर्दी झाली होती की काय त्यांना? हा माणूस डॉक्टर आहे, दारावर तशी पाटी आहे. मी दात आवळून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि बाहेर पडले.

आमचं काम तसं सोपं आहे. गावातल्या बायकांना एकत्र बसवायचं आणि सांगायचं की या रोगाला आधी ओळखता येतं, थांबवता येतं. मुलींना लस द्या, आणि तिशीपासून पन्नाशीपर्यंतच्या बायकांनी ही तपासणी करून घ्या. दवाखान्यातल्या टेबलावर पाय फाकवून झोपायला कुणी तयार होत नाही, म्हणून आता ब्रश आणि नळी देतात. मऊ छोटा ब्रश. बाईनं आडोशाला जायचं, आपल्या हातानं तो आत घालून फिरवायचा, नळीत बुडवून झाकण लावायचं, की झालं. नळीवर नंबर, वहीत नाव. चार वाजता गाडी येते आणि नळ्या घेऊन जाते.

बटाट्याच्या शेडमध्ये एक्केचाळीस बायका होत्या. तीन लांब टेबलं, त्यावर बटाट्यांचे ढीग. सडका बाजूला, छोटा बाजूला, मोठा गोणीत. कोपऱ्यात दाभण आणि सुतळी घेऊन एक बाई भरलेल्या गोण्यांची तोंडं शिवते. तिला सगळे दाभणमावशी म्हणतात. चोपन्न वर्षांची, चौदा वर्षांमागे नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दुसऱ्या टेबलाची मुकादमीण म्हणजे माझी थोरली जाऊ. घरातही मुकादमीणच. तिच्या टेबलावर ती धरून सात बायका, आणि सातही चिठ्ठ्या त्याच टेबलाच्या.

चिठ्ठ्या मी एकेकीला बाजूला घेऊन दिल्या. पण शेडमध्ये बाजूला घेणं म्हणजे ओरडून सांगण्यासारखंच. चार दिवसांत गोण्या नेणारे ड्रायव्हरसुद्धा दुसऱ्या टेबलाकडे बघून दात काढायला लागले. आणि त्यातल्या सगळ्यात लहान मुलीला, जिला सगळ्या धाकटी म्हणतात, नवऱ्यानं माहेरी पाठवून दिलं. का, तर सिस्टरनं सांगितलंय की हा विषाणू संबंधांतून येतो. मग तू कुठून आणलास? त्या बत्तीस वर्षांच्या पोरीनं आयुष्यात त्याच्याशिवाय कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. हा स्वतः ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असतो, पण तिला देणारा कोण असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. मला वाटत होतं, जावं आणि त्याच्या कानाखाली वाजवावी. पण नर्सला तशी मुभा नसते.

हे सगळं चाललेलं असताना माझी जाऊ मजेत होती.

तिथेच माझी शंका पक्की झाली. ही बाई कशी आहे सांगते. दोनदा शिंकली तर मला झोपेतून उठवते. पाठीवर पुळी आली तेव्हा तिनं मुलांना जवळ बोलावून निरोप घेतला होता. आणि आता कॅन्सरची शक्यता सांगणारी चिठ्ठी हातात पडून आठ दिवस झाले, तरी ही दुपारी पाय पसरून जेवतेय आणि वर भात मागतेय.

"ताई," मी म्हटलं, "गुरुवारी मोठ्या दवाखान्यात जायचंय. दुर्बिणीनं बघतील, कदाचित तुकडा काढतील."

"जाऊ की."

"भीती नाही वाटत?"

"होईल ते होईल. मीठ दे जरा."

मी मीठ दिलं नाही. ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

"ती नळी तुमची नाही."

"वेड लागलंय का तुला? ताट दे इकडे."

"तुम्हाला पडसं झालं तरी घर डोक्यावर घेता. चिठ्ठीत सोळा नंबर लिहिलाय आणि तुम्ही मीठ मागताय! ती नळी तुमची नाही. कुणाची आहे?"

ती हात धुवायला उठली. सगळी बोटं एकेक करून धुतली, वेळ काढला. मग पाठमोरीच म्हणाली, "ओरडू नकोस. मुलं ऐकतील."

आणि मग तिनं सांगितलं. अगदी रोजच्या कामाबद्दल बोलावं तसं.

नळ्या भरायच्या दिवशी दुसऱ्या टेबलावर एकीचीही तयारी नव्हती. एकीला ब्रश आत अडकेल अशी भीती, एकीचा नवरा नको म्हणालेला, बाकीच्यांना वाटत होतं की काही निघालंच तर घरात आग लागेल. पण शेडच्या मालकानं सगळ्यांनी तपासणी केली तर अर्ध्या दिवसाची सुट्टी कबूल केली होती, आणि पहिल्या व तिसऱ्या टेबलाच्या नळ्या ट्रेमध्ये केव्हाच पोचल्या होत्या. गाडी यायला अर्धा तास राहिला होता. तेव्हा माझ्या जावेनं डोकं चालवलं. सिस्टर म्हणते ना, हे नवऱ्यापासून येतं? मग जिला चौदा वर्षं नवराच नाही तिच्यात काय सापडणार? दाभणमावशीला गोण्यांच्या खोलीत नेलं, सात ब्रश आणि सात नळ्या हातात दिल्या आणि दार लोटून घेतलं.

"चांगलाच विचार केला होता गं," जाऊ म्हणाली. "सातही चांगल्या निघाल्या असत्या. तुझंही काम, आमचंही काम."

"आणि नाही निघाल्या."

"हो ना," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज उतरला. "तेच मला कळत नाही. तिच्यात कसं निघेल?"

मला काय काय बोलावंसं वाटलं! हिच्यावर राग आला, त्या साहेबावर आला, सुट्टीचं आमिष दाखवणाऱ्या मालकावर आला. पण सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या स्वतःच्या तोंडाचा. कारण "हे नवऱ्यापासून येतं" हे वाक्य माझंच. बायकांना पटकन कळावं म्हणून मी ते तसं तोडून सांगायचे. आलेला विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, वीस-वीस वर्षांनी डोकं वर काढू शकतो, हे पुढचं सांगायला वेळ लागतो, आणि मला नेहमी पुढच्या गावाची घाई असायची. अर्धं सांगितलं ते मी. त्या अर्ध्यावर यांनी सातमजली हुशारी बांधली.

"सातजणी आठ दिवस गप्प बसलात," मी म्हटलं. "ती धाकटी माहेरी जाऊन रडतेय."

"सांगितलं तर मावशीचं नाव येईल. बिननवऱ्याची बाई, आणि तिच्यात हे निघालं म्हटल्यावर तिला कोण उभं करील? शेडमधूनही काढतील. धाकटीच म्हणाली, नका सांगू. मी महिनाभरात परत येईन, मावशी कुठे जाईल?"

चोर होत्या सगळ्या, मूर्ख होत्या, आणि वर एकमेकींसाठी जीव टाकत होत्या. अशा बायकांवर धड रागही धरता येत नाही.

"आधी धाकटीच्या घरी जा," मी म्हटलं. "तिच्या नवऱ्यासमोर उभ्या राहा आणि सांगा की चिठ्ठी तिची नाही. कुणाची ते सांगू नका. आणि हेही सांगा की तिची असती तरी तिला घराबाहेर काढायचा त्याला काही अधिकार नव्हता."

जाऊ गेली. नंतर कळलं की तिथे तिनं असा आवाज चढवला की शेजारीपाजारी गोळा झाले. धाकटी दोन दिवसांनी परत आली.

मी दाभणमावशीकडे गेले. शेडच्या मागे तिची एक खोली आहे. दारात चपला नीट लावलेल्या, आत खाट, एक ट्रंक, खिडकीत फाटक्या गोणीची शिवून केलेली पिशवी टांगलेली. मावशी खाली बसून दाभणाला तेल लावत होती. मला पाहून तिनं दाभण बाजूला ठेवलं.

"आलीस? मला वाटलंच होतं तू येणार."

"मावशी, सात नळ्या तुम्ही भरल्यात."

"भरल्या."

"मग चिठ्ठ्या आल्या तेव्हा माझ्याकडे का नाही आलात? तुम्हाला कळलं ना, की जे आहे ते तुमच्यात आहे?"

"कशी येणार? लोक म्हणतील, हिनं कुठून आणलं. तूच सांगतेस ना, नवऱ्यापासून येतं. माझा नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. मीच रात्रंदिवस विचार करतेय, कुठून आलं."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि जे शेडमध्ये सांगायचं राहिलं होतं ते सगळं सांगितलं. तुमच्या नवऱ्याकडूनच आलं असेल, लग्नाच्या पहिल्या वर्षीही आलं असेल, इतकी वर्षं नुसतं बसून होतं. यात तुमचा दोष नाही. हा विषाणू खूप जणांना होतो, बऱ्याच जणींचा आपोआप जातो, काहींचा जात नाही.

ती म्हणाली, "म्हणजे तो गेला आणि हे माझ्यापाशी ठेवून गेला. जाताना एवढंच विसरला." आणि हसली. मला मात्र हसू येईना.

"चार नळ्यांत रक्त होतं," मी म्हटलं.

"चौथ्या ब्रशला आलं. पुसलं आणि पुढचा घेतला. गाडी यायची होती ना."

"रक्त आलं तरी पुढे तीन ब्रश घातलेत?"

"त्यात काय? वर्षभर येतंय अधूनमधून. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, मला वाटलं परत आली."

वर्षभर! पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ताबडतोब दाखवायचं, हे तर माझ्या तक्त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. मी ओरडलेच. "मग मला का नाही सांगितलंत? मी महिन्यातून दोनदा शेडमध्ये येते!"

"मी विचारलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "तू ब्रश वाटत होतीस तेव्हा. म्हटलं, माझ्यासाठी आहे का एक? तू म्हणालीस, मावशी, तुमचं दुकान तर कधीच बंद झालं, तुम्हाला कसली काळजी. सगळ्या हसल्या. मग मी पुढचं कशाला सांगू?"

मला आठवलं. मी म्हणाले होते. मला वाटलं होतं, छान विनोद झाला. बायका हसल्या की सैल होतात, ब्रश घ्यायला तयार होतात, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे. एका बाईला हसण्यावारी नेऊन मी चाळीस बायकांना सैल केलं होतं. तिथे बसल्या बसल्या मला स्वतःची इतकी शरम वाटली की पाणी मागायचंही सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार बंद केलं.

"सात नळ्या रद्द केल्या तर माझा आकडा पडेल, सिस्टर. चौकशी लागेल ती वेगळी. असं करा, त्या सातजणींना गुरुवारी जाऊ द्या. सगळ्या चांगल्या निघतील, विषय संपेल."

"आणि मावशी?"

"चोपन्न म्हणजे योजनेत बसत नाही. त्यांना म्हणावं बाहेर कुठेतरी दाखवा."

"रक्त जाणाऱ्या बाईला वयाची अट नसते, साहेब. ती तपासणीला आलेली नाही, ती आजारी आहे. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

"बदली कुठे होईल याचा विचार करून बोला."

"करा बदली. तिथेही बायकाच असतील."

मी तिथेच उभ्या उभ्या मावशीची चिठ्ठी लिहिली, रक्तस्राव एक वर्षापासून, आणि त्यांच्यासमोर सहीसाठी धरली. त्यांनी नाही केली. मग माझी सही करून मी बाहेर आले. सात नळ्यांचा खरा अहवालही मी प्रयोगशाळेला पाठवला. त्यात माझं नाव पहिल्या ओळीत होतं, कारण पहिली चूक माझी होती.

गुरुवारी दवाखान्याची गाडी सातजणींसाठी आली आणि तिच्यात आठजणी बसल्या. खरं तर सातजणींना जायची गरज नव्हती, त्यांच्या नळ्या नव्यानं भरायच्या होत्या. पण दुसरं टेबल उठून आलं. धाकटीही आली.

मोठ्या दवाखान्यातल्या खिडकीवरच्या कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. "सात नावं आहेत. हिचं नाही."

मी माझी चिठ्ठी पुढे करणार तेवढ्यात जावेनं आपली चिठ्ठी खिडकीत सारली. "माझ्या नावावर घ्या हिला. एकच आहे सगळं."

"पुन्हा?" मी तिच्यावर खेकसले. सगळी रांग वळून बघायला लागली. "पुन्हा तेच? आत काही सापडलं तर औषध कुणाला देणार, तुम्हाला? ऑपरेशनच्या टेबलावर तुम्ही झोपणार? ठेवा ती चिठ्ठी!"

जावेनं चिठ्ठी मागे घेतली. माझ्या लग्नानंतरच्या सोळा वर्षांत तिनं माझं पहिल्यांदाच ऐकलं. कारकुनानं माझी सही पाहिली, डॉक्टरांची नाही म्हणाला, मी म्हटलं नाही आणि मिळणारही नाही. तोंड वाकडं करून त्यानं नवा कागद काढला आणि मावशीचं नाव, वय लिहून घेतलं.

आत पाऊण तास लागला. तपासणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी मला एकटीला आत बोलावलं. तुकडा काढलाय, अहवाल येईल, पण डोळ्यांना दिसतंय ते चांगलं नाही. पिशवीच्या तोंडापाशीच थांबलेलं नाही, बाजूला सरकलंय. नुसत्या ऑपरेशननं भागणार नाही, रेडिएशन लागेल, औषधं लागतील. उपचार आहे, करायलाच हवा. वर्षापूर्वी आली असती तर फार सोपं होतं.

मी बाहेर आले. बाकड्यावर सातजणी ओळीनं बसलेल्या. मावशी त्यांच्यासमोर उभी होती, बसवत नव्हतं तिला. मला बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, "आता या पोरींवरचा बट्टा गेला ना?"

आणि माझा तोल सुटला. "त्यांचं सोडा! त्यांना काही झालेलं नाही. एकदा तरी स्वतःचं विचारा, मावशी!"

ती हळू आवाजात म्हणाली, "बरं. माझं काय?"

मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं, एक शब्दही न गाळता. कॅन्सर असण्याची शक्यता दाट आहे. पसरायला लागलाय. वाचाल का, ते मला माहीत नाही. उपचार पुढच्या आठवड्यात सुरू करायचे, आणि वर्षापूर्वी सापडलं असतं तर सोपं होतं.

"वर्षापूर्वी," ती म्हणाली.

तिनं भिंतीचा आधार घेतला. मला वाटलं रडेल. धाकटी उठून तिचा हात धरायला गेली, तो तिनं झटकून टाकला.

"वर्षापूर्वी मी तिथेच होते! त्याच कोपऱ्यात! तू दर पंधरा दिवसांनी येत होतीस, माझ्या समोरून चालत जाऊन त्या टेबलांपाशी उभी राहत होतीस. तिशी ते पन्नाशी, तिशी ते पन्नाशी! पन्नाशीनंतर बाईचं काय गळून पडतं? सांग ना! जिथे रोग होतो ते माझ्याजवळ आहे की नाही? तुमच्या योजनेनं नेलं का ते काढून?" मग ती बाकड्याकडे वळली. "आणि तुम्ही! सात ब्रश हातात दिलेत. एकीला तरी वाटलं का, की आठवा हिच्या नावाचा असावा? मी तुम्हाला माणूस वाटले की नळी भरायचं सामान?"

बाकड्यावरून कुणीही वर पाहिलं नाही. माझ्या जावेनं तोंडावर हात घेतला होता.

मावशीचा आवाज पूर्ण व्हरांड्यात घुमत होता. चौदा वर्षांत तिला कुणी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. तिची मान ताठ होती. दाराशी बसलेला पहारेकरी उठून आला. "आजी, हळू. दवाखाना आहे हा."

"आजी कुणाला म्हणतोस?" मावशी त्याच्यावर उलटली. "चोपन्न वर्षांची आहे मी!"

तो माझ्याकडे वळला. "सिस्टर, यांना जरा गप्प करा."

"नाही करणार," मी म्हटलं.

मी तिच्यासमोर उभी राहिले, आणि ती बोलत राहिली.